खिडक्या पाडलेला पेपर

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हेमचंद्र टिपणीस पत्र्याच्या ट्रंकेवर वर्तमानपत्र पसरून बाजारभावाचा रकाना कापत होते. कात्री त्यांच्या पत्नीची, मालिनीबाईंची, शिवणाची. कागद कापून तिची धार जाते म्हणून घरात रोज एकदा कुरबुर व्हायची, आणि ती सुरू व्हायच्या आत काम उरकायची टिपणिसांना घाई असे. त्या दिवशी मात्र हात नीट चालत नव्हता. रेघ सोडून कात्री दोनदा आत शिरली आणि पोलादाच्या भावातला एक आकडाच तुटला. त्यांनी तो तुकडा उजेडाकडे धरून पाहिला, खाली ठेवला, मग हातातल्या घड्याळाला किल्ली दिली. उठल्याउठल्या ती एकदा देऊन झाली होती.

साल १९५५, महिना डिसेंबर. टिपणीस अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात भांडार सांभाळणारे अधिकारी होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांना उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्प नंबर तीनमधल्या हस्साराम नावाच्या ट्रंकवाल्याला हो की नाही ते सांगायचं होतं. हस्साराम आपल्या बराकीच्या पुढच्या अर्ध्या भागात पत्रा कापून, वाकवून, रंगवून ट्रंका करायचा. त्याला पत्रा दाबून घडवणारं दुसरं प्रेस घ्यायचं होतं आणि त्यासाठी भागीदार हवा होता.

पैसे टिपणिसांचे नव्हते. ते त्यांच्या धाकट्या बहिणीचे, पद्मजाचे होते. तिचे यजमान बदलापुरात शाळामास्तर. दीड वर्षापूर्वी विषमज्वरानं गेले. विम्याचे साडेतीन हजार आले ते तिनं पोस्टात ठेवले आणि दिराच्या घरी माजघराच्या एका कोपऱ्यात राहू लागली. दीर काही वाईट नव्हता. पण भात दुसऱ्यांदा वाढून घ्यावा की नाही याचा तिला रोज विचार करावा लागे. दरमहा पन्नासेक रुपये हाती आले, तर तिला स्टेशनाजवळ स्वतःची खोली घेता येणार होती. पैसे बुडाले, तर तो कोपरा जन्माचा. "दादा, तू सांगशील तिथे ठेवते," एवढंच ती म्हणाली होती. त्या एका वाक्यानं टिपणिसांची झोप उडवली होती.

टिपणीस मूळचे पेणचे. लहानपणी हाताला लागेल ते वाचायची त्यांना खोड होती: वाण्याच्या पुडीचा कागद, पंचांगाच्या मागच्या जाहिराती, वडिलांच्या कचेरीतली जुनी गॅझेटं. नोकरीला लागल्यावर खडकी, जबलपूर, कानपूर अशा बदल्या झाल्या आणि प्रत्येक गावात त्यांनी आधी वाचनालय शोधलं, मग खानावळ. लढाईच्या अखेरच्या तेजीत त्यांनी एका कापडगिरणीचे शेअर घेतले. त्या गिरणीच्या भरभराटीवर एका मासिकात छान लेख आला होता. सत्तेचाळीस सालापर्यंत भाव निम्म्याच्या खाली आले. मालिनीबाईंच्या पाटल्या त्यात गेल्या.

तेव्हापासून टिपणिसांनी ठरवून टाकलं, की लेख, गोष्टी, वाचकांची पत्रं ही सगळी वाफ; खरा तेवढा आकडा. रोज भावांचा रकाना कापायचा, पुठ्ठ्यावर डकवायचा, बाकीच्या कागदाकडे ढुंकून पाहायचं नाही. मुंबई कुणाची यावर त्या वर्षी पहिलं पान रोज पेटलेलं असायचं. टिपणीस त्यावर चहाचा कप ठेवत.

उरलेला पेपर मालिनीबाईंच्या वाट्याला येई, खिडक्या पाडलेला.

"आज कोण गेलं तुमच्या कात्रीखाली?" त्यांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं. "गेल्या आठवड्यात तो गिरगावातला खुनी पकडला. नाव वाचणार, तोच भोक. कापसाच्या भावामागं जाऊन लपला मेला."

"आरोपी म्हणावं. खुनी कोण ते कोर्ट ठरवतं."

"ठरवलंही असेल. तेही तुम्ही कापलं असेल."

टिपणीस हसले नाहीत. उठून व्हरांड्यात गेले, परत आले. मालिनीबाई हात पुसत बाहेर आल्या आणि भोक पडलेलं पान त्यांनी उचललं.

"अहो, एक सांगा. हल्ली कॅम्पातल्या छोट्या जाहिरातींत सगळ्यांना सुतारच का हवे असतात?"

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"मला काय ठाऊक? पूर्वी शिंपी पाहिजे, पापड लाटायला बायका पाहिजेत, असं असायचं. आता सुतार, गवंडी, चुना. परवा कुणीतरी पत्र लिहिलं होतं, बराकीच्या भिंतीला खिळा ठोकायलासुद्धा परवानगी लागते, ती अट काढा म्हणून."

"त्याचा आपल्याशी काय संबंध? हस्सारामचे तीन वर्षांचे आकडे पाहिलेत मी. दर वर्षी जास्त ट्रंका खपल्यात."

"खपल्या असतील हो. मी आपलं विचारलं. आम्ही काय, भोकाभोवती उरेल तेवढंच वाचणार."

टिपणिसांनी टोपी घातली आणि कारखान्याची वाट धरली. वाटेत ते दोनदा थांबले. खिळा ठोकायची परवानगी माणूस कधी मागतो? त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या भिंतीला त्यांनी पाच वर्षांत एकही खिळा ठोकला नव्हता. देवाची तसबीरही ट्रंकेवर टेकवून ठेवलेली होती. इथून कधी उचलबांगडी होईल याचा नेम नाही, मग भिंत कशाला खराब करा, असा सगळ्या कॉलनीचाच हिशेब होता.

दहाच्या चहाला त्यांनी फोरमन हिंदुरावांकडे विषय काढला. हिंदुराव कराडकडचे, आवाज भोंग्याला लाजवेल असा.

"ट्रंकेला मरण न्हाई साहेब!" हिंदुराव बशीत चहा ओतत म्हणाले. "बदलीची ऑर्डर आली की माणूस आधी काय बघतो? बायकोचं तोंड? छ्या! ट्रंक बघतो. माझ्याकडं पाच हायेत. पाचांवर पाच गावांची नावं. मेल्यावर मला सहावीत घालून न्यायचं."

"तुम्ही मावणार नाही," टिपणीस म्हणाले.

"मग दोन भागांत!"

सगळे हसले. टिपणिसांनीही मान हलवली, आणि हलवता हलवता थांबवली. हस्सारामची कल्पना त्यांना पहिल्या दिवसापासून इतकी पटली होती, ती का, हे त्यांना हिंदुरावांच्या तोंडून ऐकू आलं होतं. कॉलनीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या खाटेखाली नाव रंगवलेल्या ट्रंका होत्या. त्यामुळे जगात ट्रंकेशिवाय कुणाचं चालतच नाही, असं प्रत्येकाला वाटे. कॅम्पातल्या माणसाला बदलीची ऑर्डर येत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. सुटल्यावर टिपणीस घरी न जाता वाचनालयात गेले. तिथले ग्रंथपाल बाळाजी करमरकर टेबलामागे ताक पीत बसले होते. तीन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या अंकातून भावांचा रकाना कापताना त्यांनी टिपणिसांना रंगेहाथ पकडलं होतं आणि ते अजून विसरले नव्हते.

"या साहेब. खिसे दाखवा."

"कात्री नाही आणली."

"ब्लेड आणलंय का मग? काय हवंय?"

"सहा महिन्यांचे जुने अंक. मराठी, इंग्रजी, साप्ताहिकं, असेल ते सगळं."

"बाजारभाव बघायला?"

"बाजारभाव सोडून."

बाळाजींनी ताकाचा पेला खाली ठेवला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

टिपणीस खिडकीशी बसले. बसले म्हणजे काय, खुर्चीच्या कडेवर टेकले. पहिला तासभर काही हाती लागेना. आठ वर्षं रकान्याची सवय झालेला डोळा आपोआप आकड्यांकडे घसरे. मग हळूहळू पानं उलगडू लागली. राहत्या बराकी निर्वासितांनाच हप्त्यानं विकत द्यायच्या, या सरकारी योजनेच्या बातम्या होत्या. आतल्या पानावर, लहान टायपात. नळाला पाणी दोनच तास येतं आणि आता जागा आमची होणार तर नळही आमचा हवा, असं कॅम्प चारमधल्या एका बाईचं पत्र होतं. लाकडाला एवढी मागणी असताना कल्याणच्या यार्डात रेल्वेच्या वाघिणी अडकून पडतात, अशी एका व्यापाऱ्याची तक्रार होती. इंग्रजी पेपरात वधूवरांच्या जाहिराती होत्या. जुन्या अंकांत 'कराचीचं प्रतिष्ठित घराणं' एवढंच लिहीत. अलीकडच्या अंकांत 'उल्हासनगरात स्वतःची जागा' असं येऊ लागलं होतं. बायकांच्या एका साप्ताहिकात भिंतीत फळ्या ठोकून मसाल्याचे डबे कसे मांडावेत यावर पान भरून मजकूर होता, आणि एक सामान्यच गोष्ट होती, नव्या घरात देव कुठे ठेवायचे यावरून सासूसुनेचं वाजतं ती.

ट्रंक हा शब्द कुठेही नव्हता.

टिपणीस उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. ट्रंक कुणाला लागते? ज्याला उठून जावं लागेल त्याला. ज्यानं मुक्काम ठरवला, त्याला फळी लागते, दार लागतं, कपाट लागतं. मग हस्सारामच्या ट्रंका दर वर्षी जास्त कशा खपतात? आकडा खोटा नव्हता, त्यांनी तो स्वतः पारखला होता. आणि वाचलेल्यावर विश्वास ठेवून एकदा पाटल्या गेल्याच होत्या की. आताही तसंच झालं तर? पण त्या लेखाच्या लेखकाला गिरणीचं कौतुक करायचं होतं. नळाची तक्रार करणाऱ्या बाईला कुणाचे शेअर खपवायचे नव्हते. लाकडाच्या व्यापाऱ्याला ती बाई माहीत नव्हती. तरी दोघं एकच सांगत होती.

"साहेब, बसा तरी नाहीतर जा तरी," बाळाजी म्हणाले. "तुमच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली, तर वर्गणी वाढवावी लागेल."

रविवारी सकाळी पद्मजा बदलापूरहून आली. दोघं टांग्यानं कॅम्प तीनला निघाली. टिपणिसांनी वाटेत तिला जमेल तसं सांगितलं. सुतारांपासून सुरू केलं आणि सासूसुनेपर्यंत पोचले. पद्मजानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हो म्हणायचं की नाही?"

"तेच कळत नाही."

"बरं. पाय हलवू नकोस, टांगा हलतो."

हस्सारामच्या दारात ट्रंकांची चळत होती. प्रत्येकीवर गुलाबाचं फूल रंगवलेलं. हस्साराम सिंधमधल्या सक्करचा, पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलताना हात पत्र्यावर वाजवायची सवय असलेला.

"आवो साईं, आवो! बहेनजी, बैठो. प्रेस बघून आलो मी, एकदम फर्स्ट क्लास. आज हां बोला, हप्त्याच्या आत लावतो."

"हस्साराम, ट्रंका घेतं कोण?" टिपणिसांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"घेतं कोण म्हणजे? पब्लिक घेतं."

"कॅम्पातलं?"

हस्सारामचा हात पत्र्यावर थांबला. "पहिले कॅम्पातलं. दोन साल झाले, माल बाहेर जातो. नासिक, पुना, लोणावळा. पलटनवाले, रेल्वेवाले, तुमच्यासारखे बदलीवाले साहेब."

"आणि तिकडे भाव काय मिळतो?"

"तोडावा लागतो थोडा. भाडा लागतो, दलाल असतो. नग वाढला ना पण!"

"नफा?"

"नफा..." हस्सारामनं ओठ पुढे काढले. "पातळ झाला. पण प्रेस आला की..."

हा प्रश्न तीन महिन्यांत टिपणिसांनी एकदाही विचारला नव्हता. चढता आकडा दिसला होता, तो कुठल्या शिडीवरून चढतो ते पाहिलं नव्हतं. ते पद्मजाकडे वळणार, तेवढ्यात पडद्याआड, बराकीच्या मागच्या भागात, काहीतरी जड आपटल्याचा आवाज झाला आणि हस्सारामची बायको लाजवंती कडाडली.

"अभी क्यूँ लाया? दोपहर को बोला था ना!"

"आवो बाय, मंग काय करू?" एक पुरुषी आवाज म्हणाला. "चामटोलीशी गाडी जुंपून आनलाय. कपाट डोक्याव घेऊन दुपारपत्तुर उभा ऱ्हाऊ?"

हस्सारामनं पडदा बाजूला केला. मागच्या दारात चामटोलीचा जनू सुतार घाम पुसत उभा होता आणि त्याच्या पुढ्यात आंब्याच्या लाकडाचं, निळ्या दारांचं नवं कोरं कपाट.

"ये क्या है?"

"कपाट है. आँख नहीं है?"

"मेरे घर में? ट्रंकवाले के घर में?"

"आठ साल से ट्रंक पे सोती हूँ," लाजवंती म्हणाली. "पीठ पे तेरा गुलाब छप गया है."

दारातलं एक गिऱ्हाईक खो खो हसू लागलं. शेजारच्या बराकीतून कुणीतरी ओरडलं, "हस्सू, भाव उतार! घर का गिराहक टूट गया!" पद्मजानं पदर तोंडाला लावला.

हस्साराम हसला नाही. त्यानं कपाटाचं दार उघडून आत पाहिलं, जणू आत कुणी बसलेलं सापडणार होतं.

"सक्करहून निघालो तेव्हा कपाटं तिथंच राहिली," तो टिपणिसांना म्हणाला. "ट्रंका आल्या."

"अब कहीं नहीं जाना है," लाजवंती म्हणाली. "पहली किश्त भर दी है इस बराक की. तुझे बताया था. तू पत्रा पीट रहा था."

जनूनं मजुरीसाठी हात पुढे केला आणि लाजवंतीनं त्याला खुणेनं थांबवलं. पद्मजा पुढे झाली. तिनं कपाटाचं दार मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागरी करकरली.

"या बिजागऱ्या कुठून आणल्यास रे?"

"मुंबयशी, लोहार चाळीतशी. तेच्यापायी दर हप्त्याला एक दिस मोडतो. नी हितं मिलतात त्या पावसात गंजतात."

"अजून किती कपाटं आहेत हातात?"

"कवरी पन. मानूस कमी, काम जास्ती."

पद्मजा हस्सारामकडे वळली. "तुमच्या प्रेसवर हे होईल? बिजागऱ्या, कड्या, कोयंडे?"

"ट्रंकेला लागतात ते बनवतोच आम्ही, बहेनजी. लाकडासाठी डाय वेगळी, म्हणजे साचा नवा, पत्रा जाडा. पण मी ट्रंकवाला आहे. कडी-कोयंडेवाला झालो, तर बाजारात काय तोंड दाखवू?"

"जो घर में दिखाता है वही," लाजवंती म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा टिपणिसांवर आल्या. बिजागरीचा घाऊक भाव काय, जाड पत्र्याची तूट किती, लोहार चाळीतला माल कोण बनवतो, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. ते कुठल्या पुठ्ठ्यावर डकवलेलं नव्हतं. बराकींची विक्री रेंगाळली तर? एका जनूच्या तोंडच्या शब्दावर बहिणीचा पैसा लावायचा? आणि नाही म्हटलं, तर ती संध्याकाळी कुठं जाणार होती? माजघराच्या कोपऱ्यातच.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

पद्मजानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही; शिक्षकाच्या बायकोनं उत्तरपत्रिका पाहावी तसं. मग ती हस्सारामला म्हणाली, "मी निम्मे घालते. ट्रंका जुन्या प्रेसवर चालू राहू देत. नव्यावर फक्त बिजागऱ्या आणि कड्या. महिन्याचा हिशेब मला दाखवायचा, दादाला नाही."

"बहेनजी, निम्म्या पैशात निम्मा प्रेस येतो काय?"

"मग कुणाचं वापरलेलं जुनं घ्या. हातानं चालणारं."

"जुना!" हस्सारामनं कपाळाला हात लावला. "साईं, तुमची बहीण सिंधी आहे की काय?"

"मी पेणची," पद्मजा म्हणाली.

हस्सारामनं जनूकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, बायकोकडे पाहायचं टाळलं. पत्र्यावर बोटं वाजवली. "बरं. जुना. पण सहा महिने. नाही चालला, तर त्याच प्रेसवर ट्रंक." पद्मजानं मान डोलावली.

परतीच्या टांग्यात टिपणिसांचं समाधान होईना. सुतार पाहिजे तेवढे आहेत का? लोहार चाळीत एकदा जाऊन यायला हवं. लोखंडी कपाटं आली तर? बदलापूरजवळच्या खरवईपलीकडे कुणी नवी घरं बांधतंय असं काही वाचलं होतं का आपण? टांगेवाल्यालाही त्यांनी विचारलं, तुझ्या घराला कडी कुठली. तो म्हणाला, दोरी बांधतो साहेब, माझ्याकडे चोरायला घोडाच आहे, आणि तो इथं आहे.

"मी चुकत असलो तर?" टिपणीस म्हणाले.

"तर मी निम्म्यानं चुकेन."

"उरलेले?"

"उरलेले असू देत. मला विचार करायचाय, आणि तुला वाचायचंय."

अंबरनाथ स्टेशनावर पद्मजा उतरली. टिपणीस तिच्याबरोबर फलाटापर्यंत गेले. उद्या पैसे काढायला मी येतो बदलापूरला, साहेबांना सांगून अर्धा दिवस काढतो, असं ते म्हणाले. नको, असं ती म्हणाली. तरी त्यांनी तिला पोस्टाचं पासबुक सोबत ने, चष्मा विसरू नको, असं दोनदा बजावलं, आणि गाडी हलली तेव्हा तिसऱ्यांदा.

उद्या सोमवार. बदलापूरच्या पोस्टात बचतीचं काम दहाला सुरू होतं, आणि पैसे काढताना सही खातेदारानं स्वतः समोर उभं राहून करायची असते; भावाची चालत नाही.